विसाव्या पायरीवरचा शेला

‘सिटी ऑफ हिरोज’ हा ऑनलाइन खेळ 28 एप्रिल 2004 रोजी सुरू झाला, तेव्हा त्यातल्या एकाही सुपरहिरोच्या पाठीवर शेला नव्हता. सुपरमॅन म्हटला की लाल शेला आठवतो आणि बॅटमॅन म्हटला की काळा. नेमकी तीच वस्तू खेळात नव्हती. वाऱ्यावर फडफडणारं कापड संगणकाच्या पडद्यावर खरं वाटेल असं दाखवणं त्या काळी सोपं काम नव्हतं. खेळ रचणाऱ्यांनी या उणिवेभोवती एक कथा गुंफली. पॅरागॉन सिटी या त्यांच्या कल्पित शहरावर दुसऱ्या मितीतून रिक्टी नावाच्या जमातीनं हल्ला केला. ‘हिरो वन’ नावाचा वीर आपली तुकडी घेऊन शत्रूच्या जगात शिरला आणि परत आला नाही. त्याच्या शोकात शहरातल्या वीरांनी शेला पांघरणं सोडून दिलं.

त्याच वर्षी सप्टेंबरात शेला खेळात आला, पण मागेल त्याला मिळाला नाही. नव्या वीरानं विसाव्या पायरीपर्यंत चढावं, हिरो वनच्या स्मृतीशी जोडलेली मोहीम पार पाडावी, मगच त्याच्या पाठीवर शेला यावा, असा नियम ठरला. कित्येक खेळाडूंनी त्या क्षणाला समारंभाचं रूप दिलं. सोबत्यांना बोलावून, चार शब्द बोलून, सगळ्यांसमोर शेला पांघरला जाऊ लागला.

सुपरहिरोची भूमिका घ्यायला निघालेल्या नवख्या माणसानं एवढी एक गोष्ट नीट पाहिली तरी पुष्कळ काही हाती लागतं. पात्र उभं राहतं ते त्याला जे जमत नाही, जे अजून मिळालेलं नाही, त्याच्या आधारावर. शक्ती तर पहिल्या पाच मिनिटांत यादीतून निवडता येते. उणीव मात्र आपली आपण शोधावी लागते, आणि ती इतरांच्या भरवशावर सोडावी लागते.

भूमिका घेणं म्हणजे काय

ऑनलाइन खेळ खेळणं आणि त्यात भूमिका घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खेळणारा शत्रूला हरवतो, गुण मिळवतो, पुढच्या पातळीवर जातो. भूमिका घेणारा हे सगळं करता करता एका पात्राच्या तोंडून बोलतो, त्या पात्राच्या स्वभावानं निर्णय घेतो आणि समोरच्या पात्राला उत्तर देतो. संवाद आधी लिहिलेले नसतात. दिग्दर्शक नसतो. प्रेक्षक असलेच तर तेही पात्रंच असतात.

मराठी माणसाला हा प्रकार परका नाही. कोकणातल्या दशावतारी नाटकाला लिखित संहिता नसते. आख्यान ठरलेलं असतं, कोण कोणती भूमिका करणार हे ठरलेलं असतं. बाकी संवाद नट रंगमंचावर उभे राहून, समोरच्याचं वाक्य ऐकून, तिथल्या तिथे रचतात. समोरच्या नटाला बोलायला जागा ठेवणं ही त्या कलेची पहिली अट आहे. दारोदार जाणारा बहुरूपी हीच विद्या एकट्यानं करतो: पोलीस, साधू, शंकर, जे सोंग आणलं ते दारातल्या माणसाच्या प्रश्नांना तोंड देत शेवटपर्यंत निभावतो.

इंदूरला तर एका भूमिकेनं एका मुलीला नाव दिलं. मास्टर दीनानाथ मंगेशकर हे बळवंत संगीत मंडळीचे गायक नट. राम गणेश गडकऱ्यांच्या ‘भावबंधन’ नाटकात ते लतिकेची भूमिका करत. 28 सप्टेंबर 1929 रोजी इंदूरच्या शीख मोहल्ल्यात त्यांना मुलगी झाली, तिचं पाळण्यातलं नाव हेमा. पुढे लतिकेवरून ती लता झाली. वडिलांनी रंगभूमीवर वठवलेलं पात्र मुलीच्या नावात उतरलं आणि ते नाव साऱ्या देशाच्या ओठांवर गेलं. घेतलेली भूमिका माणसाच्या खऱ्या आयुष्यात किती खोल उतरू शकते, याचा याहून जवळचा दाखला इंदूरकराला दुसरा सापडायचा नाही.

टेबलावरून पडद्यावर

या खेळांचा आजचा अवतार 1974 साली अमेरिकेत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ने सुरू झाला. टेबलाभोवती बसलेली मंडळी, काही फासे, कागदावर लिहिलेली पात्रं आणि कथा चालवणारा एक सूत्रधार, एवढंच त्याला लागे. तीन वर्षांनी, 1977 साली, ‘सुपरहिरो 2044’ आला आणि तलवारी-जादूच्या जागी मुखवटे आले. 1981 साली ‘चॅम्पियन्स’ आला. त्याच्या नियमांमध्ये एक विलक्षण कल्पना होती. आपल्या पात्रासाठी शक्ती विकत घ्यायला ठरावीक गुण मिळत. आणखी गुण हवे असतील तर पात्राला दुबळेपणा घ्यावा लागे. कुणाला शत्रू पाठलाग करणारा, कुणाला सांभाळायला म्हातारी आई, कुणाला अंधाराची भीती. उणिवेची किंमत मोजली की शक्ती मिळे. शेल्याच्या कथेत दिसलेलं तत्त्व इथे चक्क नियमांच्या पुस्तकात छापलेलं होतं.

दरम्यान, इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्यानं 1978 साली ‘मड’ नावाचा खेळ लिहायला घेतला आणि रिचर्ड बार्टलनं तो पुढे नेला. चित्र एकही नाही, फक्त शब्द. पण एकाच कल्पित जगात एकाच वेळी अनेक माणसं वावरू शकतात, हे तिथे घडलं. आजच्या बहुतेक ऑनलाइन जगांचं मूळ त्या शब्दांच्या खोल्यांमध्ये आहे. ‘सिटी ऑफ हिरोज’ने या दोन धारा एकत्र आणल्या: टेबलावरचं पात्र आणि हजारोंनी वावरायचं शहर. पुढे 2009 साली ‘चॅम्पियन्स ऑनलाइन’ आणि 2011 साली ‘डीसी युनिव्हर्स ऑनलाइन’ याच वाटेनं आले.

शक्ती कुठून आली?

‘सिटी ऑफ हिरोज’ नव्या खेळाडूला आरंभीच पात्राचं मूळ विचारतो. पर्याय पाच: नैसर्गिक, जादू, विज्ञान, उत्परिवर्तन आणि तंत्रज्ञान. प्रश्न साधा वाटतो, पण जगातले जवळजवळ सगळे सुपरहिरो या पाच खणांत बसवता येतात. स्पायडरमॅन विज्ञानाच्या खणात, एक्स-मेन उत्परिवर्तनाच्या, आयर्न मॅन तंत्रज्ञानाच्या.

आपल्याकडचे वीर या खणांत ठेवून पाहिले तर विचार अधिक स्पष्ट होतो. ली फॉकचा फँटम 1936 साली जन्मला. ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधून 1964 पासून तो आपल्याकडे आला आणि मराठी वाचकांचा वेताळ झाला. त्याच्या अंगी कोणतीही अद्भुत शक्ती नाही. बापाचा मुखवटा मुलगा घालतो म्हणून लोक त्याला अमर मानतात. हा नैसर्गिक खण. राज कॉमिक्सचा सुपर कमांडो ध्रुव, 1987 सालचा, सर्कशीत वाढलेला. बुद्धी आणि सराव हीच त्याची शस्त्रं. तोही नैसर्गिक. 13 सप्टेंबर 1997 रोजी दूरदर्शनवर आलेला शक्तिमान योगसाधनेनं कुंडलिनी जागवतो, म्हणून त्याला जादूच्या खणात ठेवावं लागेल, जरी त्याला स्वतःला तो शब्द आवडला नसता. आणि मराठीतला काळापहाड? बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, त्यांतला हा वीर निव्वळ चातुर्यावर चालतो.

या सगळ्यांना जोडणारी एक गोष्ट आहे. शक्तिमानचा गंगाधर दिवसभर लोकांच्या हसण्याचा विषय होतो आणि गप्प राहतो. वेताळाला आपण मर्त्य आहोत हे जगाला सांगता येत नाही. प्रत्येकाला काहीतरी लपवावं लागतं किंवा सोसावं लागतं. वाचकाच्या मनात त्यांची जागा झाली ती त्यामुळे.

इथे एक सावधगिरी. आवडता वीर तसाच्या तसा उचलू नये. 2004 सालच्या नोव्हेंबरात मार्व्हल कंपनीनं ‘सिटी ऑफ हिरोज’च्या कंपन्यांवर खटला भरला, कारण त्यातल्या साधनांनी खेळाडू मार्व्हलच्या वीरांसारखे दिसणारे वीर बनवू शकत होते. 2005 च्या अखेरीस तडजोड झाली. आजही ओळखीच्या वीराची हुबेहूब नक्कल केली तर पात्राचं नाव आणि पोशाख काढून घेतले जातात. कायद्यापेक्षा मोठं कारण मात्र वेगळं आहे: दुसऱ्याच्या वीराची कथा आधीच सांगून झालेली असते. तिच्यात सोबत्यांना भर घालायला जागा उरत नाही.

इंदूरची ‘भोंगा’

आता एक पात्र प्रत्यक्ष घडवून पाहू. पात्र कल्पित आहे, जमीन खरी आहे.

इंदूर हे एकेकाळी कापडगिरण्यांचं शहर. हुकमचंद, मालवा, कल्याण, राजकुमार, स्वदेशी या गिरण्यांच्या भोंग्यांवर वस्त्यांचा दिवस चाले. हुकमचंद मिल 1991 च्या डिसेंबरात बंद पडली. कामगारांच्या हक्काच्या पैशांसाठी तीन दशकं लढा चालला आणि 25 डिसेंबर 2023 रोजी सुमारे 224 कोटी रुपयांचा धनादेश त्यांच्यासाठी सुपूर्द झाला. तोवर अनेक कामगार हयात नव्हते.

आपली नायिका अशाच एका कामगाराची मराठी नात. नाव ‘भोंगा’.

मूळ. आजोबांनी गिरणीतून आणलेली पितळी शिट्टी तिनं एकदा फुंकली आणि तिच्या गळ्यात गिरणीचा आवाज शिरला. खण: जादू.

शक्ती. आवाज. खेळात ‘डिफेंडर’ नावाचा वर्ग आहे. त्याचं काम सोबत्यांचं रक्षण करण्याचं, आणि या वर्गाला ध्वनीच्या शक्तींचा संच घेता येतो. त्यातून सोबत्यांभोवती ध्वनिलहरींची ढाल उभी करता येते. भोंग्याचं कामही तेच होतं: सगळ्यांना एका वेळी एकत्र आणणं. शक्ती आणि कथा अशा एकमेकींत बसल्या की पात्राला खेळताना वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

उणीव. तिनं भोंगा वाजवला की तासभर तिला काही ऐकू येत नाही. सोबत्यांनी ओरडून दिलेला इशाराही नाही. म्हणजे प्रत्येक लढाईनंतर कुणीतरी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला सांगावं लागतं, मागे बघ. खेळाच्या नियमांत ही उणीव कुठेच नोंदलेली नसते. ती भूमिका घेणाऱ्यानं स्वतःवर घातलेली असते, आणि ती पाळण्यातच कस लागतो.

आस. आजोबांच्या पिढीतल्या ज्यांना पैसे मिळायच्या आधीच जावं लागलं, त्यांची नावं तिनं एका वहीत लिहायला घेतली आहेत. वही पुरी झालेली नाही.

बोलणं. घरात मराठी, गल्लीत इंदुरी हिंदी. अनोळखी माणसालाही ती ‘भिया’, म्हणजे भाऊ, म्हणते. रागावली की आवाज वाढत नाही, उलट बारीक होतो, कारण मोठ्या आवाजाची तिला भीती आहे. अशी एखादी लकब असली की पडद्यावर नाव न वाचताही पात्र ओळखू येतं.

रूप. पोशाख रचण्याच्या पानावर शेकडो पर्याय असतात आणि नवखा माणूस सगळेच अंगावर चढवतो. तीन गोष्टी पुरतात: एक रंग, एक खूण, एक वापरलेली वस्तू. भोंगाला खाकी, छातीवर दातेरी चाकाची खूण आणि गळ्यात पितळी शिट्टी. शेला नाही. तो जुन्या नियमानं विसाव्या पायरीला.

मग परिचयाची चौकट येते. कुणीही तुमच्या पात्रावर क्लिक केलं की त्याला ती दिसते, आणि तिच्यात फार तर हजारभर अक्षरं मावतात. तिच्यात जन्मापासूनचा इतिहास भरू नये. समोरच्याला बोलायला धागा मिळेल एवढंच लिहावं. भोंगाची चौकट अशी:

‘खाकी सदऱ्यातली विशीतली मुलगी. गळ्यात जुनी पितळी शिट्टी, तिच्यावर चार आकडे कोरलेले. बगलेत एक फुगलेली वही. तुमच्या ओठांकडे टक लावून बघते, जणू ऐकण्याऐवजी वाचते आहे. जवळ गेलात तर यंत्राच्या तेलाचा वास येतो.’

या पाच वाक्यांत कितीतरी प्रश्न दडलेले आहेत. आकडे कसले? वहीत काय? ओठांकडे का बघते? ज्याला बोलायचं आहे त्याला सुरुवात सापडते.

पहिला प्रवेश

मराठीत ‘प्रवेश’ या शब्दाला दोन अर्थ आहेत: आत येणं आणि नाटकातला प्रसंग. ऑनलाइन भूमिकेत दोन्ही एकाच वेळी घडतात. नवखा खेळाडू घाबरतो तो इथेच.

पॅरागॉन सिटीत नव्या वीरांची जागा म्हणजे ॲटलस पार्क. नगरभवनासमोर पृथ्वी खांद्यावर पेललेल्या ॲटलसचा प्रचंड पुतळा आहे आणि त्याच्या पायाशी भूमिका घेणारे लोक जमतात. समजा तिथे भोंगा पहिल्यांदा येते. एक प्रवेश असा:

‘भोंगा आकाशातून उतरते. तिच्या पावलांनी जमीन हादरते. सगळे आश्चर्यानं तिच्याकडे बघू लागतात आणि तिच्या तेजानं थक्क होतात.’

हा प्रवेश फसतो. सगळे बघतील की नाही, थक्क होतील की नाही, हे ठरवायचा हक्क त्या सगळ्यांचा आहे. दुसऱ्याच्या पात्रानं काय करावं हे आपण लिहून टाकणं याला या जगात ‘गॉडमोडिंग’ म्हणतात, आणि तो सगळ्यात मोठा अवगुण मानला जातो. आता दुसरा प्रवेश:

‘भोंगा पायऱ्यांवर बसते, वही उघडते, आणि शेजारी बसलेल्याला विचारते: “भिया, जरा पेन मिळेल का? माझं संपलं.”’

पेन द्यायचं की नाही, हे समोरचा ठरवेल. त्याच्याकडे पेन नसेल, तो पोलादाचा माणूस असेल आणि त्याच्या बोटांनी पेन मोडत असेल, तो चारशे वर्षं जुना जादूगार असेल आणि बोरू काढून देईल. प्रत्येक उत्तरातून त्याचं पात्र उलगडतं. जगाला वाचवायला निघालेल्या वीरांची मैत्री पेनावरून सुरू होते आणि ती टिकते, कारण पहिल्याच वाक्यात मागणं होतं आणि हुकूम नव्हता.

अंगविक्षेपांसाठी खेळात छोट्या आज्ञा असतात. त्या टंकल्या की पात्र बसतं, हात हलवतं, मान झुकवतं. त्या थोड्या वापराव्यात. वाक्यं दोन-तीन ओळींची ठेवावीत आणि प्रत्येक वेळी शेवटी समोरच्याला काहीतरी द्यावं: प्रश्न, वस्तू, अडचण. उत्तर यायला वेळ लागला तर थांबावं. पलीकडे कुणीतरी विचार करून लिहीत असतं.

दुहेरी कंस आणि इतर शिष्टाचार

भूमिकेतलं बोलणं आणि खऱ्या माणसाचं बोलणं यांच्यात भिंत हवी. जगभरच्या खेळाडूंनी तिच्यासाठी एक साधी खूण रूढ केली आहे: भूमिकेबाहेरचं वाक्य दुहेरी कंसात लिहायचं. ‘((आई जेवायला बोलावते आहे, दहा मिनिटांत येतो))’ हे भोंगाचं वाक्य नाही, तिला चालवणाऱ्या माणसाचं आहे. खेळाडूंच्या भाषेत भूमिकेतल्या बोलण्याला ‘आयसी’ आणि बाहेरच्याला ‘ओओसी’ म्हणतात.

या भिंतीमुळे एक फार महत्त्वाची गोष्ट शक्य होते. दोन पात्रं एकमेकांचे हाडवैरी असू शकतात आणि त्यांना चालवणारी दोन माणसं मित्र. पात्रानं पात्राला दिलेला शब्दांचा मार माणसाला लागतोय असं वाटलं तर कंस उघडून विचारावं: ठीक आहे ना, पुढे जायचं का? नाटकात खलनायक करणारा नट प्रयोगानंतर नायकासोबत चहा घेतो. ही त्याच रिवाजाची ऑनलाइन आवृत्ती.

दुसरा नियम माहितीचा. पात्राला तेवढंच ठाऊक असतं जेवढं त्यानं कथेत पाहिलं-ऐकलं. समोरच्याची परिचय चौकट वाचून भोंगाला त्याचं गुपित कळलं, असं करता येत नाही. याला ‘मेटागेमिंग’ म्हणतात. तिसरा नियम हार मानण्याचा. सगळ्या लढाया जिंकणाऱ्या पात्राशी दुसऱ्यांदा कुणी लढायला येत नाही. आपणहून एक वार झेलणारा, जखमी होऊन सोबत्याला वाचवायची संधी देणारा खेळाडू सगळ्यांना हवासा वाटतो.

चौथा नियम घरच्या मोठ्यांसाठीही आहे. पात्राला आडनाव, गाव, गल्ली, शाळा सगळं असावं. खेळाडूचं खरं नाव, शाळा, पत्ता, फोटो आणि फोन नंबर मात्र खेळात कधीच सांगू नये. कुणी सतत एकांतात बोलावत असेल, वय विचारत असेल, तर भूमिका तिथेच थांबवून तक्रारीचं बटण दाबावं आणि घरी सांगावं. अठराखालच्या मुलांनी मोठ्यांच्या भूमिका-गटांत जाऊ नये. पैशांचंही एक भान हवं: भारतात 2025 साली झालेल्या कायद्यानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आहे. भूमिकेच्या खेळात पैज नसते. कुणी पैसे लावायला सांगितलं तर तो खेळ दुसराच आहे हे ओळखावं.

कुठे आणि केव्हा

संगणक असेल तर ‘सिटी ऑफ हिरोज’ची ‘होमकमिंग’ ही आवृत्ती फुकट खेळता येते. तिचा ‘एव्हरलास्टिंग’ हा सर्व्हर भूमिका घेणाऱ्यांचा म्हणून ओळखला जातो, आणि वीर-खलनायक दोघांनाही शस्त्रं बाजूला ठेवून भेटता येईल असा ‘पॉकेट डी’ हा अड्डा तिथे आहे. ‘चॅम्पियन्स ऑनलाइन’ आणि ‘डीसी युनिव्हर्स ऑनलाइन’ही फुकट सुरू करता येतात. फक्त फोन असेल तर डिस्कॉर्डवर निव्वळ लिहून चालणाऱ्या भूमिका-गटांपासून सुरुवात करावी. चित्र नसलं तरी बिघडत नाही. ‘मड’ही शब्दांवरच उभा होता. हिंदीतून, आवाजानं बोलत भूमिका करायची असेल तर ‘जीटीए फाइव्ह’च्या भारतीय सर्व्हरांवर पोलीस, डॉक्टर, टॅक्सीवाले वठवणारी मोठी मंडळी आहे. तिथे सुपरहिरो सहसा चालत नाहीत आणि तो खेळ प्रौढांसाठीच आहे, पण भूमिकेची शिस्त तिथे कडक असते.

भाषेचं भय बाळगू नये. परदेशी सर्व्हरवर इंग्रजी चालतं, पण साधं इंग्रजी पुरतं. पात्राच्या तोंडी एखादा ‘भिया’ आला तर लोक त्याचा अर्थ विचारतात, आणि तिथून गोष्ट सुरू होते.

वेळेचा हिशोब मात्र इंदूरकराच्या बाजूनं आहे. भूमिका-गट बहुधा अमेरिकेतल्या रात्रीच्या वेळी जमतात. न्यूयॉर्कमध्ये रात्रीचे 9 वाजतात तेव्हा इंदुरात उन्हाळ्यात सकाळचे 6:30 आणि हिवाळ्यात 7:30 वाजलेले असतात. म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात पोह्यांवर शेव आणि जीरावन मसाला पडत असताना ॲटलसच्या पायाशी मैफल ऐन रंगात असते. तासभर खेळून कॉलेजला वेळेवर जाता येतं.

बंद शहराची गोष्ट

31 ऑगस्ट 2012 रोजी ‘सिटी ऑफ हिरोज’ बंद होणार असल्याचं जाहीर झालं. आठवडाभरानं, 8 सप्टेंबरला, ‘व्हर्च्यू’ या भूमिका घेणाऱ्यांच्या सर्व्हरवर ॲटलसच्या पुतळ्यापाशी वीर जमू लागले. गर्दी मावेना म्हणून खेळानं त्याच चौकाच्या एकामागून एक प्रती उघडल्या. ज्यांच्या हातांतून वीज आणि अग्नी निघत असे, ते सगळे हातात मशाली धरून नुसते उभे राहिले. कंपनीच्या निर्णयापुढे कुणाचीच शक्ती चालणार नव्हती. 30 नोव्हेंबरला शहर विझलं.

पण ज्यांनी तिथे पात्रं घडवली होती त्यांनी ती टाकून दिली नाहीत. वर्णनं, चित्रं, जुने संवाद जपून ठेवले गेले. 2019 च्या एप्रिलात उघड झालं की काही जणांनी गुपचूप एक सर्व्हर जिवंत ठेवला होता. त्यातून ‘होमकमिंग’ उभं राहिलं, आणि जानेवारी 2024 मध्ये मूळ कंपनीनं त्याला रीतसर परवाना दिला. आज ‘होमकमिंग’ खेळाडूंच्या देणग्यांवर चालतं.

बंद पडलेली गोष्ट माणसं जिवंत कशी ठेवतात, हे समजून घ्यायला इंदुरात अनंत चतुर्दशीच्या रात्री दूर कुठे जावं लागत नाही. सुमारे शतकभराच्या परंपरेनं गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे सजवलेले फिरते देखावे, त्या रात्री रस्त्यावर निघतात, सोबत आखाड्यांची मुलं काठ्या-तलवारी फिरवत चालतात. गिरण्या कधीच बंद झाल्या. तरी गिरण्यांच्या नावाच्या समित्या वर्गणी गोळा करतात, देव-दानव उभे करतात, दिव्यांनी मढवतात, आणि हुकमचंद मिलची झांकी हुकमचंद मिलच्याच नावानं पुढे सरकते.

आपली भोंगा त्या गर्दीत कुठेतरी उभी आहे असं समजा. झांकीचा आवाज इतका मोठा आहे की तिला काही ऐकू येत नाही. शेजारच्या माणसानं तिच्या खांद्यावर हात ठेवून रस्त्याकडे बोट दाखवलं. तिनं वही उघडली आणि आणखी एक नाव लिहिलं. ती अजून सातव्या पायरीवर आहे. शेला मिळायला तेरा पायऱ्या बाकी आहेत, आणि त्या चढताना कुणीतरी सोबत लागणार आहे.